दोनशे पौंडांची चिठ्ठी : शिक्षणाचा पैसा मेहरबानीचा की हक्काचा?

जून-जुलै आला की आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. "दादा, फ्रीशिप लागू आहे, तरी कॉलेज म्हणतंय आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ." "मॅडम, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आलीच नाही, आता टीसी अडवलाय." "उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या वर गेला, आता काय?" फोन करणाऱ्याचा आवाज पडलेला असतो. जणू त्याच्याकडूनच काही गुन्हा घडला आहे. फी भरता न येणे ही आपल्या घराची लाज आहे, असे त्याला वाटत असते.

या पोरांना मी एक गोष्ट सांगतो. १९२१ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या एका तिशीच्या विद्यार्थ्यानेही पैशासाठी असेच पत्र लिहिले होते. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांना. मागणी होती दोनशे पौंडांची. देणगी म्हणून नाही, उसने. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

आपण बाबासाहेबांचे शिक्षण पदव्यांच्या यादीने सांगतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. बॅनरवर ते शोभतेही. पण त्या पदव्यांच्या मागे जमाखर्चाची एक वही होती, ती आपण उघडत नाही. ती उघडली की कळते, आजच्या शिष्यवृत्तीचा जन्म कोणत्या अनुभवातून झाला आणि ती हातची जाऊ देणे म्हणजे नेमके काय गमावणे आहे.

पंचवीस रुपये आणि दहा वर्षांचा करार

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे काय? रामजी सुभेदार पेन्शनर. घर परळच्या चाळीत. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात गेला खरा, पण वडिलांची ताकद संपली. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. त्यावर बी.ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला वडील गेले. त्याच वर्षी परदेशी शिक्षणासाठी बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात करार असा, की परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची.

तीन वर्षे शिका आणि दहा वर्षे बांधून घ्या. सयाजीरावांचे ऋण आपण मानतो, मानलेच पाहिजे. त्या काळात अस्पृश्याच्या मुलाला न्यूयॉर्कला पाठवणारा दुसरा राजा नव्हता. पण हे ऋण मान्य करूनही एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. ही व्यवस्था एका माणसाच्या चांगुलपणावर उभी होती. केळुसकर गुरुजी भेटले नसते तर? महाराजांचे मन वळले नसते तर? त्या वर्षी मॅट्रिक होऊ शकणारी आणखी किती पोरे कोणी गुरुजी न भेटल्याने गिरणीच्या दारात उभी राहिली असतील?

शिष्यवृत्ती संपते, नाव मात्र फीच्या वहीत राहते

१९१६ मध्ये ते कोलंबियाहून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. बाहेर पहिले महायुद्ध चाललेले. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा, पैसा शून्य. लंडन विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी दिली. ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली.

करार पाळायला ते बडोद्याला गेले. तिथे काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कोलंबियात शिकून आलेल्या अधिकाऱ्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. दहा वर्षांचा करार जातीने काही दिवसांतच मोडला.

आता मोजा. हातात चार वर्षांची मुदत आणि त्यात लंडनचा पैसा उभा करायचा आहे. त्यांनी शिकवण्या घेतल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक पळाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार साडेचारशे रुपये. त्या काळात हा मोठा पगार. पण राहणी चाळीतलीच ठेवली. पै-पै मागे टाकली. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपयांचे कर्ज, अशी तीन गाठोडी बांधून ते त्याच वर्षी पुन्हा लंडनला निघाले.

या वहीत एक खर्च कुठेच लिहिलेला नाही. तो रमाईचा. नवरा समुद्रापार असताना घर चालवणारी, अर्ध्या पोटी राहणारी, पाचपैकी चार लेकरे गमावणारी ही बाई त्या प्रत्येक पदवीची सहगुंतवणूकदार आहे. आजही पोराच्या फीसाठी कानातले मोडणारी आई त्या वहीत नसते. म्हणून रमाईचे नाव फक्त त्यागाच्या गाण्यात नको, हिशेबातही हवे.

रुपया घसरला

लंडनला पोचल्यावर संकट आले ते भलत्याच बाजूने. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत होते. १९२१ मध्ये तोच रुपया दीड शिलिंगाच्याही खाली आला. जमवलेली शिल्लक रुपयांत, लंडनचा खर्च पौंडांत. म्हणजे खिशातली रक्कम न खर्चताच जवळपास अर्धी झाली.

शाहू महाराजांना सप्टेंबर १९२१ मध्ये लिहिलेले ते पत्र याच अडचणीचे आहे. विनिमयाचा दर घसरल्यामुळे हिशेब चुकला, बॅरिस्टरीची फी भरायची आहे, परतीचा प्रवास आहे, दोनशे पौंड उसने द्यावेत, परत आल्यावर फेडीन. आणि त्याच काळात हा विद्यार्थी संशोधन कशावर करत होता? रुपयाच्या प्रश्नावर. चलनाचा भाव घसरला की सामान्य माणसाचे काय होते, हे त्याने ग्रंथालयात वाचले आणि स्वतःच्या खिशातही अनुभवले. १९२३ मध्ये त्याच प्रबंधावर डी.एस्सी. मिळाली.

मित्रांनो, इथे थांबा. आज टीव्हीवर आणि व्हॉट्सअपवर काही लोक आपल्याला शहाणपण शिकवतात : "बाबासाहेबांनीही कर्ज काढलं, उपाशी राहिले, त्यांनी कुठं सवलती मागितल्या? तुम्हीही काढा कर्ज." या युक्तिवादाला उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच्या पुढच्या आयुष्याने दिले आहे. त्यांनी कर्ज काढले कारण हक्क नव्हता. आणि पुढची पंचवीस वर्षे त्यांनी यासाठी घालवली, की त्यांच्या मागून येणाऱ्याला तशी चिठ्ठी लिहावी लागू नये. त्यांच्या उपासमारीचा आदर्श करून आपल्याला उपाशी ठेवणे हा त्यांचा सन्मान नव्हे. ती त्यांच्या कामाची चोरी आहे.

राजाच्या खजिन्यातून सरकारच्या अंदाजपत्रकात

शिक्षणाच्या पैशाचा प्रश्न आपल्या चळवळीत बाबासाहेबांच्या आधीपासून आहे. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि तो उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. राजा असून त्यांनी मेहरबानीचे रूपांतर कायद्यात करायला सुरुवात केली.

बाबासाहेबांनी ती दिशा पुढे नेली. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. पहिले काम काय? पोराला राहायला आणि जेवायला जागा. कारण फी माफ झाली तरी शहरात अस्पृश्याला भाड्याने खोली कोण देणार, हे बडोद्यात कळले होते.

१२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, ते मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. हे भाषण आपल्या प्रत्येक विद्यार्थी संघटनेने अभ्यासायला हवे. त्यांनी आकडे मांडले : कला महाविद्यालयांच्या खर्चाचा ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चाचा ३१ टक्के आणि मिडल स्कुलांच्या खर्चाचा २६ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल होतो. हे शिक्षणाचे व्यापारीकरण आहे, असे त्यांनी सरकारला सुनावले. शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसुली, हा हिशेबही मांडला. शिक्षण खाते हे देवाणघेवाणीच्या तत्त्वावर चालवायचे खाते नाही आणि खालचे वर्ग आता कुठे शाळेच्या दारात येत असताना शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके केले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. व्यापारीकरण हा शब्द आपण आज आंदोलनाच्या पत्रकात लिहितो. बाबासाहेबांनी तो जवळपास शंभर वर्षांपूर्वी सभागृहात वापरला.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. बनारस आणि अलीगड विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी का नाही? मागणी अशी, की विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्यांना देशात शिष्यवृत्ती द्या आणि काहींना परदेशी पाठवा. त्यातून वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४-४५ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर आपण जो अर्ज भरतो, त्याचा उगम इथे आहे.

१९१३ ची शिष्यवृत्ती एका महाराजांनी एका भीमरावाला दिली. १९४४ ची शिष्यवृत्ती सरकारच्या अंदाजपत्रकातून, अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही. मध्ये गुरुजींची ओळख नको, दरबारात मुजरा नको, दहा वर्षांचा करार नको. मेहरबानीचा हक्क झाला तो असा. त्याच्या जोडीला १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि कामकऱ्याच्या वेळेला जुळणारे कॉलेज. या तिन्हींच्या जोरावर जी पिढी घडली, तिनेच पुढे दलित साहित्य लिहिले आणि १९७२ मध्ये पँथर उभी केली. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह किंवा औरंगाबादचे नागसेनवन वगळून हा इतिहास लिहिता येत नाही.

हक्क मिळाला, पण तो पुन्हा पुन्हा मागावा लागला

१९५६ मध्ये आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या अनुसूचित जातीच्या यादीतून बाहेर पडलो. धर्म बदलला म्हणून गावातली वागणूक बदलली नव्हती, सवलत मात्र गेली. महाराष्ट्राने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राच्या पातळीवर १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे!

दरम्यान १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले. ज्यांच्याकडे साखर कारखाना होता, त्यांच्याकडे आता इंजिनिअरिंग कॉलेजही आले. सरकारी जागा जवळपास तेवढ्याच राहिल्या, खासगी जागा वाढत गेल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित खासगी संस्थांवर आरक्षण लादता येणार नाही असे म्हटले, तेव्हा ९३ वी घटनादुरुस्ती करावी लागली. जागा राखीव झाली, पण फी कोण भरणार? मग सगळा भार शिष्यवृत्तीवर आणि फ्रीशिपवर आला.

आजची स्थिती पाहा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेसाठी पाच वर्षांकरिता एकूण ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला, केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. आकडा मोठा आहे आणि त्याआधी राज्यांवर पडलेला बोजा कमी झाला हेही खरे. पण राज्याचा वाटा आधी जमा झाल्याशिवाय केंद्राचा वाटा सुटत नाही. आणि पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात येणार असल्याने, तो उशिरा आला की कॉलेजच्या वहीत थकबाकीदार ठरतो तो विद्यार्थी. सरकार उशीर करते, दंड आपले पोर भरते.

उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दहा वर्षांहून अधिक काळ तीच. महागाई वाढली, फी वाढली, मर्यादा हलली नाही. दोघे नवरा-बायको रोजंदारीने राबले तरी कागदावर ती ओलांडली जाऊ शकते. ओबीसींसाठी नॉन-क्रिमीलेअरची मर्यादा आठ लाख आहे, ती असू द्या, ती त्यांच्या हक्काची आहे. पण मग आपल्या शिष्यवृत्तीला अडीच लाखांत का कोंडले? वसतिगृहात राहून वरच्या गटाचा अभ्यासक्रम करणाऱ्यालाही निर्वाह भत्ता वर्षाला १३,५०० रुपये. म्हणजे महिना सव्वाअकराशे. पुण्यातल्या साध्या मेसचा महिनाही त्यात निघत नाही.

परदेशी शिष्यवृत्तीचे तेच. २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरील संशोधनाला दार बंद केले गेले. भारतातील जातींवर निबंध लिहिणाऱ्या बाबासाहेबांना आजच्या नियमात कोलंबियाला जाता आले नसते. २०२५ मध्ये १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि सुरुवातीला पत्र मिळाले फक्त ४० जणांना. बाकीच्यांना सांगितले, निधी उपलब्ध झाला तर. विद्यापीठाची तारीख 'निधी उपलब्ध झाला तर' म्हणून थांबत नाही.

आणि रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. शेवटच्या पत्रातही सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, पावणेदोन लाख रुपयांचा हिशेब लिहून गेला. थकलेली शिष्यवृत्ती ही कार्यालयीन दिरंगाई नसते. ती माणसाला एकटे पाडणारी गोष्ट असते.

मग आपण काय करायचे?

दोन कामे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी करायची आहेत. पहिले, घरातला हिशेब. बाबासाहेबांनी एकाच गाठोड्यावर भिस्त ठेवली नव्हती. तुम्हीही ठेवू नका. बारावीच्या आधीच जातीचा दाखला आणि जात पडताळणी पूर्ण करा, शेवटच्या आठवड्यात ते होत नाही. प्रवेश घेण्याआधी विचारा, हा अभ्यासक्रम आणि हे कॉलेज योजनेत बसते का? मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश योजनेत बसत नाही, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर शिष्यवृत्ती नाही, पण राज्याची फ्रीशिप आहे, तिचा अर्ज भरा. केंद्राच्या नियमांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे, ती आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा यासाठीच आहे. सरकारी वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना बघा. पुणे-मुंबईसारख्या शहरांत ती वर्षाला साठ हजारांपर्यंत मिळते. पण तो पैसा उशिरा येईल असे धरूनच पहिल्या सहा महिन्यांचा खर्च मांडा. कॉलेज फी मागत असेल तर लेखी मागा. तोंडी बोललेल्याची तक्रार करता येत नाही.

दुसरे काम रस्त्यावरचे आणि विधिमंडळातले. आपल्या मागण्या मोजून चार असाव्यात. शिष्यवृत्ती प्रवेशाच्या सत्रातच जमा झाली पाहिजे. उशीर झाला तर दंड सरकारला, विद्यार्थ्याला नाही. उत्पन्नमर्यादा आणि भत्ता महागाईशी जोडला पाहिजे. आणि फीसाठी टीसी, गुणपत्रिका अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई झाली पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग वस्तीतल्या विद्यार्थी निधीत टाका, हे मी दरवर्षी सांगतो आणि काही मंडळे ते करतातही. पण तो निधी म्हणजे नवल भथेनांच्या पाच हजारांसारखा, अडल्या वेळचा आधार. समाजाच्या वर्गणीने सरकारची जबाबदारी माफ होत नाही.

ज्या पोराला फीसाठी फोन करताना लाज वाटते, त्याला एवढेच सांगायचे आहे. तू भीक मागत नाहीस. तू जे मागतो आहेस ते १९४२ साली एका माणसाने सरकारकडून तुझ्यासाठी वसूल करून ठेवले आहे. त्या माणसाला दोनशे पौंडांसाठी चिठ्ठी लिहावी लागली होती. ती चिठ्ठी तुला पुन्हा लिहावी लागत असेल, तर लाज तुला नाही, ती या सरकारला वाटली पाहिजे.

जय भीम!